दरीपलीकडचा वणवा

फार पूर्वी एका खोल दरीच्या दोन बाजूंना दोन गावं होती. एक अल्याडचं, एक पल्याडचं. उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला की गावची माणसं आपण होऊन विझवायला धावत. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं. डोंगर आपला, एवढंच त्यांना ठाऊक.

अल्याडच्या मंडळींचा म्होरक्या चिंधूबाबा. मोठा कनवाळू माणूस. कुठूनही हाक आली की तो ताटावरून उठायचा. आगीसमोर दुसरी आग लावून वणवा मारायची विद्या त्याच्याकडे होती. पण ती त्याने कुणाला दाखवली नव्हती. काम सुरू करताना तो सगळ्यांना म्हणे, "पाठ फिरवून उभे राहा. बघाल तर डोंगराची देवी कोपेल." माणसं भाबडी. ती पाठ फिरवत. पल्याडच्यांच्या मदतीला तो कितीदा गेला, तिथंही हेच. वणवा विझला की बाबाला पहिलं ताट मिळे आणि मान मिळे.

एका उन्हाळ्यात पल्याडच्या डोंगराला खालून वणवा लागला आणि वारा वर गावाकडे वाहू लागला. दरी उतरून पलीकडे चढायला अर्धा दिवस जाई. अल्याडची माणसं कड्यावर जमली. समोर पल्याडची ठकूबाई आपल्या माणसांना घेऊन हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत होती. आग काही ऐकत नव्हती.

"बाबा, निघायचं का?" कुणीतरी विचारलं.

"पोचेपर्यंत काय राहील रे तिथं?" बाबा म्हणाला. ओरडून सांगितलं तर तिथवर ऐकू गेलं असतं. पण मग दोन्ही गावांना सगळंच कळलं असतं. विद्याही आणि देवीचं खोटंही.

पलीकडे एक गोठा पेटला. गुरं हंबरली.

बाबाने तोंडाशी हात धरले. "ठकूऽऽ! झोडपू नका! मागं सरा!"

"मागं सरू? मग घरं काय तुम्ही बांधून देणार?"

"ऐक गं बाई! गावाच्या खाली गाडीवाट होईल एवढा पट्टा खरवडा! माती उघडी करा! आग जवळ येऊ द्या! चिमूटभर गवत हवेत सोडून बघा. ते आगीकडे ओढलं गेलं की पट्ट्याच्या खालच्या काठाला पेटवा!"

"आणि पाठ कुणी फिरवायची?"

बाबा आणखी मोठ्याने ओरडला. "कुणीच नाही! देवीनं काही सांगितलं नव्हतं. ते माझंच होतं. सगळ्यांनी डोळे उघडे ठेवून बघा!"

पल्याडच्यांनी तसं केलं. त्यांची लहान आग खाली धावली आणि मोठ्या आगीला भिडली. जळायला गवतच उरलं नाही. वणवा जागच्या जागी बसला. गोठा गेला, पण गाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई दरी चढून आली. बाबाने मान खाली घातली.

"बाबा, रागवायलाच आले होते," ती म्हणाली, "पण आधी एक सांगते. आम्ही पट्टा फारसा खरवडलाच नाही. गुरांच्या येण्याजाण्याची वाट आयती उघडी असते. तीच धरली. निम्मी मेहनत वाचली."

बाबा बघतच राहिला. "अगं, जन्मभर मी माती उकरत आलो. हे मला कसं नाही सुचलं?"

"एकट्याला किती सुचणार? आम्हाला बघू दिलं असतंत तर केव्हाच सांगितलं असतं."

बाबा हसला आणि डोळे पुसत बाजूला सरकला. "बस. तिथल्या वाऱ्याचंही सांग."

त्यानंतर होळी झाली की दोन्ही गावं डोंगरावर जमू लागली. एकमेकांना दाखवायची, एकमेकांचं बघायची, मधूनच भांडायचीही. मग लांबच्या वाड्यांची माणसंही येऊन शिकून गेली.

बाबाचे गुडघे थकले. एका दुपारी त्याला अंगणातून तिसऱ्याच डोंगरावर धूर दिसला. तो काठी शोधू लागला, तोवर धूर विरून गेला.

"कोण गेलं होतं रे आपल्यातलं?" त्याने विचारलं.

"कुणीच नाही, बाबा. त्यांचा त्यांनीच विझवला."

"असं होय!" बाबा म्हणाला आणि भाकरीचा पुढचा घास त्याने अगदी सावकाश, गोड करून खाल्ला.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: लोकांच्या मदतीला धावावंच, पण आपण नसलो तरी त्यांचं अडू नये इतकं त्यांना शिकवावं. आणि शिकवताना त्यांच्याकडून शिकायलाही बसावं.