मापाचं डिझेल

यंत्रं आपसांत मनमोकळं बोलायची आणि माणसांना त्यातलं काही ऐकू यायचं नाही, त्या काळातली ही गोष्ट. एका दणकट जीपचं इंजिन सदा धुसफुसत असे. "माझ्या अंगात हत्तीचं बळ आहे, पण हा मेला कॉम्प्युटर मला मापानंच डिझेल देतो!"

"कारखान्यानं ठरवून दिलंय, दादा. तेवढंच बरं," कॉम्प्युटर म्हणायचा. शेजारचा क्लच मात्र निमूटपणे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचवत राही. इंजिनानं कधी त्याची साधी विचारपूसही केली नव्हती.

एके दिवशी मालकानं गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडून कॉम्प्युटरमधलं ते माप बदलून घेतलं. आता मागेल तेवढं डिझेल! सपाट रस्त्यावर जीप अशी सुटली, की इंजिनाला आभाळ ठेंगणं झालं.

मग घाट लागला. पहिल्याच उभ्या चढाला इंजिनानं होता नव्हता तेवढा जोर लावला. सगळी दरी दणाणली, पण जीप जागची हलेना! इंजिन हबकलं. आणखी मोठ्यानं गरजलं. छे! जीप उलट मागेच घसरू लागली आणि जळका वास सुटला.

"क्लचभाऊ, अरे, धर ना!" इंजिन ओरडलं.

पण क्लच जळून खाक झाला होता.

"अरे देवा! माझी ताकद गेली तरी कुठे?"

"तुझी ताकद आहे तिथंच आहे," कॉम्प्युटर हळूच म्हणाला. "पण दादा, ते माप तुझं नव्हतंच कधी. ते या क्लचचं होतं, त्याला सोसेल एवढं."