शेवग्याची खीळ

माणसाला चाक सुचायच्या कितीतरी आधी एका रानात कोल्होबा गाड्या विकायचे. गाडी देखणी, रंग झकास. फक्त चाक धरून ठेवणारी खीळ शेवग्याच्या लाकडाची, कारण ते फुकटात मिळायचं आणि मोडायचंही तसंच.

उतारावर सशाच्या गाडीची खीळ मोडली, चाक निखळलं आणि त्याचा पाय मोडला. तो लंगडत तक्रार घेऊन आला.

"गाडीला लिंबू-मिरची बांधली होतीस?" कोल्होबांनी विचारलं.

"बांधली होती."

"गेल्या शनिवारी बदललीस?"

"ते राहिलं."

"मग गाडीला कशाला नावं ठेवतोस?"

साळिंदराची गाडी उलटली तेव्हाही हेच. पुढे तर कोल्होबा लिंबू-मिरचीही विकू लागले.

मग त्यांच्या पुतणीचं लग्न घाटाखाली ठरलं. सशाने त्यांच्याच दुकानातली नवी गाडी दारात आणली, ताजी लिंबू-मिरची बांधली, नारळ फोडला.

"बसा, कोल्होबा."

कोल्होबांनी खिळीकडे पाहिलं, मग उताराकडे. "सकाळचं चालणं तब्येतीला बरं असतं," ते म्हणाले.

सगळं वऱ्हाड बघत होतं. सशाने लिंबू-मिरची सोडली आणि कोल्होबांच्या गळ्यात बांधली.

"ही आता तुम्हालाच लागेल," तो म्हणाला. "रान गाड्या परत करायला निघालंय."