सगुण तांडेलाचा पंखा

ऐका तर. फार वर्षांपूर्वी, होड्यांची शिडं जाऊन मागे मशिनं लागायला नुकती सुरुवात झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या शिरोंडीच्या खाडीच्या तोंडावर वाळूचा बांध आहे. आजही आहे, जाऊन बघा. त्यावर लाट फुटते, मग जरा वेळ पाणी सपाट होतं, की पुढची लाट उभी. त्या फटीत जो पार झाला तो समुद्रात, राहिला तो वाळूत.

त्या गावात सगुण तांडेल राहायचा, तांडेल म्हणजे होडी हाकणारा. होडी त्याची लहानशी, आणि नारळी पुनवेच्या शर्यतीत दरवर्षी शेवटची. कारण त्याचा पंखा. पाण्यात फिरून होडीला ढकलतो ना, तो. बाकी सगळ्यांनी जास्त पिळाचा लावलेला, एका फेऱ्यात लांब पळवणारा. सगुणचा कमी पिळाचा. सुटताना हा सगळ्यांच्या पुढे, आणि शर्यत संपायची ते बेट येईस्तोवर सगळ्यांच्या मागे. "सगुणा, वाटेत जेवान करून इलंस काय?" पोरंटोरंसुद्धा विचारायची. गावात कुठलीही कुचकामी वस्तू दिसली की लोक म्हणायचे, हा सगुणाचा पंखा. सगळ्यात जास्त हसायचा त्याचा धाकटा भाऊ धाकू, कारण गावाच्या 'वाघीण' होडीवर बसून शर्यत तोच जिंकायचा. सगुण म्हणायचा, "धाव तुका लखलाभ. माका उचल होयी, सुटतानाचो जोर." आणि विडी ओढत बसायचा.

एका भाद्रपदात उधाण अवचित चढलं. धाकू तिघांना घेऊन आपल्या होडीतून मासेमारीला गेला होता. बांधाबाहेर त्याचं मशीन बंद पडलं आणि वारा होडीला कातळाकडे लोटू लागला. काठावरून त्यांचे हलणारे पंचे दिसत होते. गावात सगळ्यात दमदार वाघीण, म्हणून तीच सोडली. पण लाटांमधली फट तिला पुरेना. मशीन घुसमटायचं, तोंड आभाळाकडे, बूड पाण्यात, आणि लाट तिला उचलून मागे आणून टाकायची. दोनदा असं झालं.

तेव्हा सगुण धक्क्यावर आला. आईमागे धाकूला त्यानेच वाढवलं होतं. आपल्या होडीत इतकी माणसं मावणार नाहीत, म्हणून त्याने तिचा पंखा काढला आणि वाघिणीला बसवू लागला. "अरे, वाघिणीचो कासव करतंस," लोक म्हणाले. सगुण म्हणाला, "चढावर लांब ढांगा टाकणारो दमता. आखूड पावलां टाकणारो पोचता." मग मशीन ज्या खिळीवर टेकतं ती एक भोक आत घालून ते होडीकडे कलतं घेतलं, म्हणजे सुटताना तोंड वर जात नाही. तेलाचा डबा, नांगर, जड म्हणून जे जे होतं ते पुढे सरकवलं. मागे एकटा बसला.

लाट फुटली. सगुणने मशीनची वेग देणारी मूठ पूर्ण पिळली. असं म्हणतात, वाघिणीने पाण्याला टेकणंच सोडलं, एका लाटेच्या खांद्यावरून ती थेट दुसरीच्या खांद्यावर गेली. असं म्हणतात, समुद्राने तेवढ्यापुरती एक लाट हातात धरून ठेवली. धरली असेल, मी नाही म्हणत नाही. पण पंखा बरोबर नसता, तर ती धरलेली लाट कुणाच्या कामाची होती?

बांधापलीकडे सगुणने त्यांना वाघिणीत घेतलं, आणि चौघेही जिवंत परत आले. धक्क्यावर धाकूने भावाचे पाय धरले, पोटभर रडला, आणि मग विचारलं, "दादा, तुका इतक्या कळता, मगे पंखो बदलून शर्यत कित्याक जिंकलंस नाय?"

"शर्यतीत कोण बुडत होतो रे?" सगुण म्हणाला, आणि त्याने विडी पेटवली.

आजही शिरोंडीत प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाशी लाल फडक्यात बांधलेला कमी पिळाचा एक पंखा असतो. नारळी पुनवेला समुद्राला नारळ वाहतात, मग त्या पंख्याला कुंकू. शर्यत होतेच, जिंकणाऱ्याची मिरवणूकही निघते, पण मिरवणुकीत पहिला मान शेवटी आलेल्या होडीचा. आणि बांधावर लाट फुटली की मूठ पिळताना आमचा कुठलाही तांडेल एवढंच म्हणतो, "सगुणा, उचल."