सुपडूने उभं केलेलं पाणी

फार फार वर्षांपूर्वी खानदेशात एका नदीवर बंधारा होता, आणि त्यातून निघालेला एकच पाट दोन गावांची शेतं भिजवायचा. वरखेडं पाटाच्या तोंडाशी, खालखेडं पार शेवटाला. पाणी वाटून द्यायचं काम सुपडू पाटकऱ्याचं. खांद्यावर फावडं टाकून तो दिवसभर पाटाच्या कडेने खाली-वर चालायचा. पाटाकडेची वाट त्याच्या टाचांनीच पडली, असं म्हणतात.

एका साली पाऊस हात राखून पडला. खालखेड्याचा गहू ओंबीवर आला आणि तिथे पाटात चिखलसुद्धा उरला नाही. सुपडूची लेक भागा खालखेड्यातच दिलेली. आठ दिवसांत पाणी आलं नाही, तर तिच्या घरी वर्षभर दाणा नसणार होता.

सुपडू वर गेला. म्हणाला, खाली कोरडं पडलंय. वरखेड्याच्या पाटलाने पाटाकडे बोट दाखवलं. "पाट ते टम भरेल शे, सुपडू! तुले दिसत नही का?"

दिसत तर होतंच! म्हणून तर जो तो काठ एवढासा फोडून एवढंसं पाणी घेत होता. सुपडू खाली आला. म्हणाला, कुणी पाणी अडवलेलं नाही, सगळे थोडं थोडं घेतात. तर सख्खा जावई हिरामणच अंगावर आला. "वरला समदा चोर शेतस, अन् तू त्यासना चाकर!" त्याने सासऱ्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. भागा आत रडत राहिली.

सुपडू पुन्हा वर, पुन्हा खाली. सांगून सांगून घशाला कोरड पडली, पण कुणी जागचं हलेना. शेवटी त्याचं डोकं फिरलं. बंधाऱ्याशी जाऊन त्याने पाटाच्या मधोमध फावडं रोवलं आणि ओरडला, "आते थेंब नही! वरला खाले जा, खालला वर या! ज्याना वावरमा उभा ऱ्हाशी, ते वावर आज तुन्हं!"

असं म्हणतात, पाणी त्या फावड्याला टेकून पुरुषभर उंच उभं राहिलं आणि काठावरून थेंब सांडला नाही. भिऊन दोन्ही गावं जागा बदलायला निघाली.

सगळे पोचल्यावर त्याने फावडं उपसलं. पाणी सुटलं. पाटलाच्या वावरात उभ्या हिरामणला कोपऱ्यातला गहू पिवळा दिसला. पाट तर काठोकाठ. "इतलं पानी शे, इतलंसं लिधं ते काय बिघडस?" म्हणत त्याने पायाने काठ फोडला. शेजारच्या वावरातल्यानेही फोडला. त्याच्या शेजारच्यानेही.

तेवढ्यात खालून बोंब आली. भागाच्या वावरात उभा पाटील कोरड्या पाटाकडे बघून ओरडत होता, "कोन पानी चोरी राह्यना रे वर?" एवढ्या लांबून वाऱ्याने ती जशीच्या तशी वर आणली, असं म्हणतात.

बंधाऱ्यावरून खाली आलेल्या सुपडूने कपाळावर हात मारला. "काल तू माले काय बोलना व्हता रे, जावईबापू?"

हिरामण चिखलातल्या आपल्या पायाकडे बघत राहिला. मग खाली बसून त्याने दोन्ही हातांनी काठ लिंपला. ते पाहून बाकीच्यांनीही लिंपले. दिवस कलता कलता भागाच्या गव्हाला पाणी लागलं, आणि ते येताना पाहून पाटील वावरात नाचला.

सुपडूला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणाला ठाऊक नाही. पण अजूनही पाट सोडायच्या पहिल्या दिवशी दोन्ही गावं त्याच्या नावाने जागा बदलतात. ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ असते. तरी उन्हं डोक्यावर यायच्या आत वर उभ्या असलेल्या कुणाचा तरी पाय काठ फोडतोच. त्याला कुणी शिव्या देत नाही. "सुपडूबाबा, देख रे!" म्हणून सगळे ओरडतात, आणि तो खाली मान घालून लिंपायला बसतो.

दरवर्षी. एक साल म्हणून चुकलेलं नाही.