बिनचावीच्या किका

“चाचा, एकदा सांगा तरी, चुकतंय कुठं?”

लतीफचाचा नालबंद आपल्या गॅरेजच्या दारात स्टोव्हजवळ बसून चहा गाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“किती झाल्या?”

“एक्केचाळीस किका.”

“बरं.”

निवास ढेबे त्या जुन्या मोटरसायकलीवरून खाली उतरला. डिसेंबरातली महाबळेश्वरची सकाळ. वेण्णा तळ्याकडच्या शेतांत स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरं झालेलं, आणि या गड्याचा स्वेटर घामानं ओला.

गाडी चाचांची स्वतःची. साडेतीनशे सीसीची, अस्सल लोखंडाची, निवासपेक्षा वयानं मोठी. महाबळेश्वरात पावसाळ्यापुरती घरंसुद्धा गवताच्या ताट्यांनी झाकून घेतात, तिथं गाडीची काय कथा. मे संपता संपता ती ताडपत्रीखाली गेली होती, ती आज सहा महिन्यांनी उजेडात आली होती.

तिला चालू करायचं काम चाचांनी निवासला सांगितलं होतं. निवासच्या लेखी मात्र ते नुसतं काम नव्हतं. चाचांच्या बोटांत आता पाना राहत नव्हता, आणि गॅरेज कुणाच्या तरी हाती सोपवायचं होतं. चाचांचा पुतण्या म्हणत होता, तिथं स्ट्रॉबेरी-क्रीमचं दुकान टाकू. निवास म्हणत होता, मला द्या. चाचा एवढंच म्हणाले होते, “आधी माझी गाडी चालू कर. मग बोलू.”

पुतण्या शुक्रवारी यायचा होता. आज बुधवार.

निवास चार वर्षं चाचांच्या हाताखाली शिकला होता. मग वर्षभर पुण्याच्या एका मोठ्या शोरूममध्ये राहिला. तिथून त्यानं प्रमाणपत्र आणलं, आणि सोबत थोडी ऐटही आणली. गॅरेज आपल्यालाच मिळणार, असं त्यानं बाजारपेठेत दहा जणांना सांगून टाकलं होतं. स्वतःच्या नावाची पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आता गाडीनं दगा दिला तर तोंड कुठं लपवायचं? खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती.

“बॅटरी चार्ज केली,” तो म्हणाला. “प्लग नवा टाकला. तेल बदललं. कार्बोरेटर साफ करून पेट्रोल ताजं भरलं. चोक पूर्ण ओढला. पुण्यात असंच करतात.”

“आणि तिथं चालू होते?”

“होते की.”

“मग ती पुण्याची गाडी असेल.”

चाचांनी चहाचा पेला त्याच्यापुढं सरकवला. त्यानं तो घेतला नाही.

“चाचा, बेचाळिसाव्या किकला होईल. मला वाटतंय.”

“होईलही.”

चाचा गुडघ्यावर हात टेकून उठले. गाडीजवळ आले. वाकून वास घेतला, तसा निवासलाही तो आला. पेट्रोलचा भपकारा. इतक्या किका मारून त्यानं इंजिनाला पेट्रोलनं न्हाऊ घातलं होतं. शिकाऊ पोरानं करावी अशी चूक, आणि कानशिलं तापली ती प्रमाणपत्रवाल्याची.

चाचांनी पेट्रोलचा कॉक बंद केला, चोक सोडला. प्लग काढायला पाना लावला, तो निसटला. मग निवासनंच प्लग काढून दिला. चाचांनी तो पुसून स्टोव्हशेजारी वाळत ठेवला.

मग त्यांनी गाडीची चावी काढली आणि कोटाच्या खिशात टाकली.

“मार किक.”

“चाचा… चावी?”

“खिशात आहे.”

“चावी नाही, प्लग नाही. चालू कशी होणार?”

“नाही होणार. मार.”

निवासला वाटलं, थट्टा चाललीय. शेजारच्या टपरीवाल्यानं दात काढले, तेव्हा तर खात्रीच झाली. मनातल्या मनात त्यानं गॅरेजवर पाणी सोडलं. आता काय, शुक्रवारी क्रीम खायला यायचं. पण चाचांचा शब्द त्यानं आजवर मोडला नव्हता. त्यानं किक मारली.

फस्स… प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर आली.

“अशी आदळू नको. घाई कुणाला आहे?”

त्यानं सावकाश मारली. फस्स. पुन्हा. फस्स.

सातव्या-आठव्या किकेला वाफ विरळ झाली. दहावीला त्याचा श्वास जाग्यावर आला. गाडी चालू होणारच नव्हती, त्यामुळं ती चालू होते का याकडं कान लावून बसायचं कारण उरलं नाही. पायाखाली इंजिन जड फिरत होतं. मग जरा हलकं फिरायला लागलं. थंडीनं घट्ट झालेलं तेल हळूहळू वर चढत असणार. एक्केचाळीस किकांत त्याला हे एकदाही जाणवलं नव्हतं. त्याला बरं वाटायला लागलं, आणि बरं का वाटतंय हे काही त्याला कळेना.

सवयीनं त्याचा डावा हात क्लचवर गेला. क्लच दाबलेलाच राहिला आणि पायानं किक मारली.

फस्स.

निवास थांबला.

त्यानं क्लच नीट, पार मुठीपर्यंत दाबला आणि पुन्हा मारली.

फस्स…

क्लच दाबल्यावर किक मोकळी पडायला हवी. इंजिन फिरता कामा नये, आणि हे तर श्वास सोडत होतं. सहा महिन्यांच्या ओलीत क्लचच्या प्लेटा एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

निवासनं समोर पाहिलं. गॅरेजच्या दारापासून उतार थेट खाली, वळणावर कमरेएवढा कठडा, आणि कठड्यापलीकडं नुसतं धुकं. पहिल्या किकेला गाडी चालू झाली असती, तर तो तसाच गिअर टाकून बाजारपेठेत मिरवायला निघणार होता. तसं त्यानं रात्रीच ठरवलं होतं. गिअर पडल्याबरोबर गाडीनं उडीच घेतली असती, आणि क्लच दाबून ती थांबली नसती.

त्यानं किकेवरचा पाय काढून जमिनीवर टेकला.

“वाळला प्लग,” चाचा म्हणाले. त्यांनी खिशातून चावी काढून पुढं धरली. “घे. पुतण्याचा फोन आला होता सकाळी. विचारत होता, झाली का चालू.”

निवासनं चावीकडं पाहिलं. चाचांकडं पाहिलं.

“थांबा, चाचा. राहू द्या तुमच्याकडंच.”

“का?”

“प्लेटा चिकटल्यात.”

“मग?”

“सोडवतो. वेळ लागेल.”

चाचांनी चावी परत खिशात टाकली. पेल्यातला गार झालेला चहा पातेल्यात ओतला आणि पातेलं पुन्हा स्टोव्हवर चढवलं.

निवासनं प्लग बसवला. क्लच दाबून धरला आणि बिनचावीच्या किका मारत राहिला. किती मारल्या ते मोजलं नाही. टपरीवाल्याकडं लक्ष गेलं नाही, शुक्रवार आठवला नाही. मधेच एकदा तो स्वतःशी गुणगुणायलाही लागला. धुक्यातून ऊन वर आलं आणि कठड्यावरचं दव वितळायला लागलं. मग केव्हातरी आतून ‘टक’ असा आवाज झाला, आणि किक पायाखाली मोकळी पडली.

त्यानं क्लच सोडून, पुन्हा दाबून खात्री केली. पेट्रोल सोडलं, चोक अर्धाच ओढला. मग पायानं अंदाज घेत घेत इंजिन नेमकं जिथं अडतं तिथं आणून ठेवलं, आणि हात पुढं केला. चाचांनी चावी दिली.

एकच किक.

धड… धड… धडधडधड…

निवास हसला. अगदी आतून आनंद झाला होता त्याला. तरी त्यानं रेस केली नाही. तिच्या चालीनं तिला चालू दिलं. चाचा सायलेन्सरमागं उकिडवे बसून दोन्ही तळहात शेकत होते. दोघांनी तिथंच चहा घेतला.

गॅरेजचं विचारावं, असं निवासच्या ओठांवर आलं होतं. पण गाडी इतकी छान धडधडत होती की मधे बोलायला त्याला नको वाटलं.

चाचांनी पेला विसळून पालथा घातला. कानाला मफलर गुंडाळला आणि गाडीच्या उजव्या बाजूला गेले. निवास सीटवरून उतरायला लागला. मालक आला की उतरायचं, हे त्याला चार वर्षांत अंगवळणी पडलेलं.

चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला तिथंच बसवलं. मग त्याच खांद्याचा आधार घेऊन, कण्हत कुंथत, ते मागं चढून बसले.

टपरीवाला चहा ओतता ओतता थांबला. चाळीस वर्षांत या गाडीवर चाचांना मागं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

निवासनं क्लच दाबला, अलगद गिअर टाकला. गाडी जागची हलली नाही, शहाण्यासारखी उभी राहिली.

“कुठं जायचं, चाचा?”

“ते मागं बसणाऱ्याला विचारत नाहीत.”