राळ लावलेला रांजण

“...मग छाटी मला कधी देणार, बुवा?”

बुवा पंच्यानं मान पुसत होते. पुसली की पुन्हा ओली.

आमच्या घाटातला वैशाख असाच. ऊन भाजत नाही, शिजवतं. झाडाचं पान हलत नाही आणि अंगावरचा घाम सुकत नाही.

सोमगिरी बुवा खिंडीतल्या मठीत एकटेच असायचे. मठी म्हणजे तरी काय, चार भिंती, वर गवताचं छप्पर आणि दाराबाहेर जांभळीखाली तीन दगडांवर ठेवलेला एक रांजण. घाट चढून येईल त्यानं पाणी प्यावं, घटकाभर टेकावं, पुढं जावं. झरा खाली, दोनशे पावलांवर. पाणी खांद्यावरनं वर आणायचं.

विचारणारा होता आपाजी गावडा. खालच्याच गावचा, चारचौघांत मान असलेला. मठीच्या दारातनं त्याच्या घराची कौलं दिसायची. होळी झाली आणि बायकोला न सांगता तो वर आला, तो परत गेलाच नाही. त्याला बुवांच्या हातनं भगवी छाटी हवी होती. ती एकदा अंगावर आली की घर सुटलं, बायको सुटली, मागचं सगळं सुटलं.

“बुवा, विचारलं मी काहीतरी.”

“ऐकलं.”

“मग? मागच्या वैशाखात माझी पोर वीज पडून गेली. नऊ वर्षांची. ह्या हातांनी उचलून आणली, ह्याच हातांनी माती दिली. सारा गाव रडला. माझ्या डोळ्यातनं टिपूस आलं नाही. तेव्हा नाही, आजपर्यंत नाही... अजून काय व्हायचं राहिलंय माझं?”

बुवांनी पंचा पिळला.

डोंगराच्या पाठीमागं एक ढग उभा राहायला लागला होता. खालून काळा, वरनं कापसासारखा.

“रांजण भरलास?”

“भरला. आणि आता दोन दिवस तरी भरायला नको.” आपाजीला सांगायची घाईच झाली होती. “रोज पाझरायचा तो. रोज कळशीभर पाणी दगडांवर वाया. काल रिकामा केला, उन्हात वाळवला आणि राळ-तेल तापवून बाहेरनं लेप दिला. आता बघा. थेंब सांडत नाही.”

बुवांनी बघितलं. रांजण काळाभोर, चकचकीत. त्याच्याखाली एरवी ओल असायची, ओलीवर पिवळी फुलपाखरं बसलेली असायची, एखादा होला चोच बुडवून जायचा. आज दगड कोरडे. तिथं कुणी नव्हतं.

एवढ्यात आमची गुणाआत्या वर आली. ही गोष्ट तिनंच पाहिलेली, म्हणून मला ठाऊक. डोक्यावर लाकडांची मोळी, कमरेला कोयता. तिनं मोळी आपटली, बुवांना हात जोडले आणि आधी रांजणात तांब्या बुडवला.

एक घोट घेतला आणि फुर्रकन बाहेर.

“अगं बाई! पाणी आहे का न्हाणीतलं आधण?”

“काय झालं?” आपाजी म्हणाला.

“काय झालं म्हणे! जीव थंड करायला चढून आले, तर चहापत्ती तेवढी टाकायची राहिलीय. बुवा, तीस वर्षं पिते हे पाणी. असं कधी लागलं नव्हतं.”

“हवाच उष्ण आहे, गुणाबाई. रांजणाला कशाला नावं ठेवता?”

“हवा काय आज उष्ण झाली, आपाजीदादा?” आत्यानं रांजणाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं. “राळ फासलीत? रांजणाला? देवा... होडी आहे का ती? समुद्रात नेणार होता?”

“पाणी वाया जात होतं.”

“वाया?” आत्या हसायला लागली. “अहो, बाहेरनं ओला राहतो म्हणून तर आतलं गार राहतं! घरात कधी माठाकडं बघितलंत का नाही? का सगळं शेवंतीच बघायची?”

शेवंती म्हणजे आपाजीची बायको. तिचं नाव निघालं तसा तो उठला आणि जांभळीकडं तोंड करून उभा राहिला.

बुवा उठून आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली भगवी छाटी होती.

आपाजी पुढं झाला. गुडघे टेकले, मान खाली घातली, डोळे मिटून घेतले.

बुवा त्याच्या बाजूनं निघून गेले. त्यांनी घडी मोडली, छाटी रांजणाला गुंडाळली, गाठ मारली आणि रांजणाला वाकून नमस्कार केला.

“बुवा...”

“एका दिवसात पोचला हा. बघ, अंगावर टिपूस नाही.”

आपाजीचं तोंड लाल झालं. आत्याचं हसू तिथंच विरलं.

तेवढ्यात गडगडलं.

आमच्याकडं वळीव दुपारीच येतो. वारा आधी थांबतो, मग एकदम सुटतो आणि वीज अशी कडाडते की भांडी वाजतात. तेव्हा घराघरांतनं अंगणात लोखंड टाकतात. कोयता, पहार, हाताला येईल ते. लोखंड बघून वीज दारातनं परत फिरते म्हणतात. आत्यानं कमरेचा कोयता काढला आणि मठीच्या पुढ्यात भिरकावला. तिनं मोळी आत ओढली, तिघंही आत आले. टपोरे थेंब धुळीत पडायला लागले, मग गारा, मग समोरचं काही दिसेना.

आत्यानं खाली गावाच्या दिशेनं बघितलं.

“आता बसली असेल ती,” आत्या हळूच म्हणाली.

“कोण?” बुवांनी विचारलं.

“शेवंती. वळीव आला की अंगणात जाऊन बसते, मधोमध. पोर गेल्यापासनं. आपाजीदादा घरी होते तोवर तेच ओढून आत घ्यायचे. आता कोण घेणार? मी एकदा म्हटलं, बाई गं, निदान कोयता तरी टाक. तर म्हणाली, टाकला तर वीज परत जाईल, गुणाताई. मग माझ्यापर्यंत कशी यायची...”

आपाजी दाराशी उभा होता. त्याची पाठ तेवढी दिसत होती.

“पाऊस असेतोवर बसते,” आत्या म्हणाली. “थांबला की उठते, लुगडं पिळते, आत जाते. कुणाशी बोलत नाही.”

एक वीज अशी लखलखली की खालच्या गावातली कौलं क्षणभर पांढरी दिसली. लगेच पुन्हा पाऊस आडवा आला.

“म्हैस रानात राहिली होती,” आपाजी म्हणाला.

आवाज त्याचा वाटतच नव्हता, असं आत्या सांगायची.

“ढग आला होता. शेवंती म्हणाली, पोरीला नका पाठवू. मी म्हटलं, जाईल गं, पळत जाईल आणि पळत येईल...” तो थांबला. “म्हैस आपली आपण आली. दावणीला येऊन उभी राहिली.”

बुवा बसल्या जागी बसून होते.

“शेवंतीनं मला एकदाही विचारलं नाही, बुवा. वर्ष झालं. भाकरी वाढायची, पाणी द्यायची... तुम्हीच पाठवलंत, असं एकदा तरी म्हणायला हवं होतं तिनं.”

“आणि तू?”

“मी काय?”

“तू म्हणालास?”

आपाजीनं चौकट धरली. खांदे एकदा हलले, मग हलतच राहिले. आत्यानं तोंड फिरवलं आणि मोळीची दोरी सोडून उगीच पुन्हा बांधायला घेतली.

विजा हळूहळू डोंगरापलीकडं गेल्या. गडगडाट लांब गेला. पाऊस मात्र सरळ धार धरून पडत होता. बाहेर रांजणावरची छाटी भिजून त्याच्या अंगाला चिकटली होती.

आपाजीनं तोंड पुसलं. कोपऱ्यातली काठी घेतली, उंबऱ्यापर्यंत आला आणि खाली वाहणाऱ्या वाटेकडं बघत उभा राहिला.

“जातो मी, बुवा. पाऊस थांबला की उतरतो.”

बुवा म्हणाले, “थांबल्यावर ती आत जाईल.”