देवराईतली सापसुरळी

"बुवा, अजून किती वर्षं?"

हेरंबनं विचारलं. शास्त्र्यांच्या घरातला मुलगा, उपनिषदं तोंडपाठ. पण देवराईच्या काठावर राहणाऱ्या सोनबुवांच्या झोपडीत त्या पाठांतराला कुणी विचारत नव्हतं.

बुवांची अट एकच. राईत एक निळ्या शेपटीची सापसुरळी राहते. सहसा पानांच्या थराखालून वर येत नाही. ती दिसली की अनुग्रह.

तीन वर्षं झाली. दूध घालणाऱ्या भागीरथीबाईंना ती दोनदा दिसली, तीही त्या राईबाहेरच्या कडेला गवत कापायला गेल्या असताना. हेरंबला एकदाही नाही. बिचारा झुरणीला लागला होता.

"बघायला बसतोस, की पकडायला?" बुवांनी विचारलं.



दुसऱ्या दिवशी दुपारी तो धावतच आला. मूठ गच्च मिटलेली. बुवांसमोर त्यानं ती उघडली. तळहातावर नुसती निळी शेपटी वळवळत होती.

"झडप घातली, पण ती निसटली," तो कसाबसा म्हणाला. "हा पुरावा तरी..."

"राईतलं वाळकं पानही बाहेर आणायचं नसतं. ठाऊक आहे ना?"

हेरंबची मान खाली गेली.

"जिथली तिथं ठेवून ये."

तो गेला. शेपटी पानांवर ठेवली आणि तिथंच मटकन बसला. आता कसला अनुग्रह! त्याला रडूच कोसळलं. मला नाही दिसली तरी चालेल, पण ती जगू दे, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

पानं हलली.

शेपटी तुटलेली सापसुरळी बाहेर आली. त्याच्या अनवाणी पायाशी, उन्हाच्या कवडशात येऊन निवांत बसली. हेरंबनं श्वास रोखला. तीन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती वीतभर अंतरावर होती.

मग तो उठला आणि धावत सुटला.

"बुवा! दिसली! अगदी पायाशी आली! आता अनुग्रह द्या!"

बुवा अंगणात टोपली विणत होते. हात थांबवून त्यांनी वर पाहिलं.

"पळून गेली?"

"छे! ऊन खात बसली होती."

बुवांनी टोपली बाजूला ठेवली.

"मग तू का उठलास?"